सत्कारात फुटलेली सुपारी

माझ्या सत्काराच्या बॅनरवर सगळ्यात लहान फोटो माझा होता. वर तालुक्याचे पुढारी, खाली शुभेच्छुक म्हणून हात जोडून उभं असलेलं आमचं अर्धं ईट गाव, आणि कोपऱ्यात मी, दहावीच्या ओळखपत्रातली, तेल चोपडलेल्या दोन वेण्यांची. एम.टेक.ला परदेशी शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीचा याच्यापेक्षा बरा फोटो कुणाला मिळाला नाही. जाणार होते मी नेदरलँडला, बॅनरवर छापलं होतं न्यूझीलंड. दुरुस्त करा म्हटलं तर चुलते म्हणाले, "कोन तितं बगाया जानार हाय?"

आमच्या घरी खव्याची भट्टी आहे. दूध करपू नये म्हणून कढईत उलथनं फिरवत मी पाठांतर केलं, आणि दुधाचंच शास्त्र शिकायचं ठरवलं. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, याचा अभिमान होता असं मला वाटायचं. जायचं ठरल्यावर माझी बॅग रोज भट्टीवरच्या खव्याच्या काट्यावर चढायची. मावश्या, आत्या काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरीची चवड घेऊन यायच्या, बॅग जड व्हायची आणि मी पुस्तकं बाहेर काढायची. अप्पांनी पेढ्यांचा डबा आणून ठेवला. दुधाचे पदार्थ तिकडं विमानतळावर काढून घेतात, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. "मग दुधाचं शिकाया बोलावत्यात कशाला?" असं म्हणून त्यांनी डबा पुन्हा बॅगेत घातला. मला तेव्हा हसू आलं होतं.

सत्कार महादेवाच्या देवळापुढच्या सभामंडपात होता. आईनं सकाळीच बजावलं, साडीच नेसायची. स्टेजवर गेले तर खुर्ची नव्हती, पाट मांडला होता आणि भोवती रांगोळी. मला वाटलं, गावची पद्धत. भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. मग कधी न पाहिलेल्या एक बाई पुढं आल्या. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, हिरवी साडी आणि पाच फळं घालून माझी ओटी भरली, माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. मी वाकून पाया पडले. पाहुण्याबाईंच्या पाया पडायचं हे आम्हाला शिकवावं लागत नाही. खाली माणसांच्या घोळक्यात अप्पा आणि एक फेटेवाले गृहस्थ बसले होते. त्यांच्यामध्ये कुणीतरी सुपारी फोडली आणि लगेच साखर वाटली गेली. पांढऱ्या शर्टातला एक तरुण चुलत्यांशेजारी मान खाली घालून बसला होता. माझ्या शिष्यवृत्तीची साखर म्हणून मीही ती चिमूटभर खाल्ली.

देवळाच्या पायऱ्या उतरताना शेजारच्या काकूंनी गालावरून हात फिरवला. "नशीब काढलंस गं! घर लई चांगलं हाय. सोनारी गावात मोठा गोठा हाय त्यांचा. पोरगं बी सोभावानं गरीब वाटतंय."

आमच्याकडं सुपारी फुटली म्हणजे सोयरीक ठरली. कुंकू लागलं म्हणजे मुलगी दिली. सगळ्या मंडपाला हे माहीत होतं. माझा सत्कार बघायला नव्हे, माझी सोयरीक बघायला लोक आले होते, आणि टाळ्या मात्र मी माझ्या समजत होते.

घरी येऊन मी अप्पांना विचारलं, तुम्ही मला सांगितलं का नाही.

"इच्यारलं असतं तर न्हाय म्हनली असतीस," ते शांतपणे म्हणाले. "मोकळी पोरगी मी इमानात बसवनार न्हाय. शिकून ये, मग लगीन. तुजं काय गेलं?"

आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिला माहीत होतं. साडी नेसवताना निऱ्या तिनंच घातल्या होत्या. पुढं कळलं ते आणखी छान होतं. सोनारीच्या लोकांना दूध शीतकरणाचा धंदा टाकायचा होता आणि घरात जाणकार माणूस पाहिजे होतं. माझी शिष्यवृत्ती त्यांनी आपल्या धंद्यात धरली होती. परदेशात शिकलेली सून म्हणजे पगार न घेणारी इंजिनियर.

नंबर मिळवून मी त्या पांढऱ्या शर्टातल्या मुलालाच फोन लावला. तो म्हणाला, "मला बी तितं गेल्यावर कळलं. सत्काराला चल म्हनले." मग तुम्हीच नाही म्हणा, असं मी सांगितलं. "माजं कोन ऐकतंय?" हे त्याचं उत्तर. शेवटी मी त्याच्या आईशी बोलले. तुमच्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही, पण हे लग्न मी करणार नाही, आज नाही आणि परत आल्यावरही नाही, असं स्वच्छ सांगून फोन ठेवला.

अप्पांनी बोलणं टाकलं. भट्टीवर जायचे, यायचे, जेवायचे. माझ्यासमोर ताट सरकवायला आईला सांगायचे. पासपोर्ट मी उशीखाली घेऊन झोपायला लागले, कारण ते काय करतील याचा भरवसा राहिला नव्हता. आणि एका दुपारी ते अचानक बोलायला लागले. बॅगेला दोरी बांधायची का, असं विचारलं. मला वाटलं, बाप आहे, विरघळला. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात पुन्हा पाट मांडला. त्याच बाई आल्या, तेच फेटेवाले आले. पाटावर माझी धाकटी बहीण बसली. ती तालुक्याला भूमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि गणितात माझ्यापेक्षा हुशार होती. अप्पांनी शब्द दिला होता आणि घरात मुली दोन होत्या, एवढाच हिशोब. मी पुढं होऊन तोंड उघडणार, तर तिनं माझं मनगट धरलं.

"अक्का, गप बस. मी बी न्हाय म्हनलं तर तुला बी जाऊ देनार न्हाईत. तसं ठरलंय आमचं."

म्हणजे तिच्याशी अप्पा बोलले होते. तिला विचारलं होतं, आणि विचारताना माझं जाणं तिच्या ओटीत घातलं होतं. त्यांनी माझ्याशी पुन्हा बोलणं सुरू केलं होतं ते त्यामुळं. त्या दिवशी मला त्यांचा जो तिरस्कार वाटला तो आजही तसाच आहे आणि मी तो कमी करायचा प्रयत्न करत नाही.

सगळे मला सोडायला येरमाळ्यापर्यंत आले. येडेश्वरी देवीचं दर्शन झालं आणि आम्ही हायवेवर हैदराबादच्या गाडीची वाट बघत थांबलो; विमान तिथून होतं. हॉटेलात ओळखीचे कुणी भेटले, त्यांना अप्पा मोठ्यानं सांगत होते, "थोरली चालली फॉरेनला, धाकटीची सुपारी फुटली. दोन्ही पोरी मार्गी लागल्या." मी बॅगेची दोरी चाचपत रस्त्याकडं बघत राहिले. गाडी अजून यायची होती. बहीण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "फोन केलास की तुझ्या कॉलेजाचं सांगत जा. हितलं काय इच्यारू नको."

मी तसंच करते. प्रयोगशाळेत काय केलं, प्राध्यापक काय म्हणाले, दुधातली प्रथिनं कशी मोजतात, ते तिला सांगते. ती मधेच नेमका प्रश्न विचारते, माझ्या वर्गातही कुणाला न सुचलेला. लग्नाच्या वेळी सासरचे तिला तिथं राहून शिकू देऊ म्हणाले होते. परीक्षेच्या आठवड्यात म्हैस व्याली आणि पेपर राहिले. आता त्यांचा शीतकरणाचा धंदा सुरू झालाय. यंत्र अडलं की ती मला विचारते, मी सांगते, ती दुरुस्त करते. त्यांना हवी होती ती इंजिनियर अशी दोघींत मिळून मिळाली.

अप्पांशी मी बोलत नाही. फॉरेनला जाऊन पोरगी बदलली, असं ते गावात सांगतात.