मांडीवरचा डबा

संस्थेच्या तळमजल्यावर नव्वद उंदीर राहत होते आणि त्या सगळ्यांना मिळून मावशी एकच होती. कागदोपत्री मावशींचं पद भलतंच लांबलचक होतं, पण ते उच्चारायची तसदी कोणी घेत नसे. पिंजरे घासायचे, पाणी बदलायचं, आजारी दिसला की वेगळा काढायचा आणि अकराच्या ठोक्याला एकेकाला उचलून परीक्षेला न्यायचं, हे त्यांचं काम. शेजारणींनी विचारलं की त्या सांगायच्या, "शाळेत असते मी. पोरं जरा केसाळ आहेत, एवढंच."

शाळा बाईंची. बाई पन्नाशीच्या, किडकिडीत, बाहीला कायम खडू लागलेला. शिकलेलं डोक्यात नेमकं राहतं कुठे, हा एकच प्रश्न त्यांनी उभ्या आयुष्यासाठी उचलला होता, आणि आसपास दुसरं कोणी त्याच्या वाटेला गेलेलं नव्हतं. त्यामुळे चेष्टा करायला सगळे मोकळे. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक जिन्यात भेटले की विचारायचे, "काय बाई, आज कोणाची आठवण कापली?" बाई उत्तर देत नसत. उत्तर न देण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

चेष्टेत तथ्य मात्र होतं. खोलीच्या मध्यभागी जेवणाच्या टेबलाएवढा लाकडी भुलभुलैया होता. चौदा वळणं, शिवाय आठ बंद गल्ल्या. एका टोकाला उंदीर सोडायचा, दुसऱ्या टोकाला वाटी. पंधरा दिवसांत उंदीर न चुकता वाटीपाशी पोचायला लागला, की बाई त्याला गुंगी देऊन मेंदूचा एक छोटा तुकडा काढून टाकायच्या. कोणाचा पुढचा, कोणाचा मागचा, कोणाचा मोठा. दोन आठवडे विश्रांती, आणि मग पुन्हा तीच परीक्षा. तुकड्याबरोबर वाटही गेली का? सहा वर्षं झाली, वाट काही जात नव्हती. कुठूनही, कितीही कापा, पठ्ठे धावत वाटीपाशी हजर.

या गोष्टीशी मावशींचा घरगुती संबंध होता. त्यांचे यजमान पुस्तकबांधणीच्या कारखान्यात एकतीस वर्षं बाइंडर होते. सगळे त्यांना बाइंडरकाका म्हणत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्त साकळलं. हातपाय वाचले, पण शब्द गेले आणि कोणती वस्तू कशाला असते तेही गेलं. कंगवा हातात दिला की ते विचारात पडायचे. डॉक्टर म्हणाले होते, "गेलं ते गेलं, सांभाळा आता." मावशी दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यांपुढे बसून हमसाहमशी रडल्या होत्या, आणि तेव्हा बाईंनी त्यांना एक वाक्य सांगितलं होतं. "आठवण एका कप्प्यात नसते, मावशी. एक कप्पा मोडला म्हणून घर रिकामं होत नाही. माझे उंदीर बघा की."

त्या वाक्यावर मावशींनी कंबर कसली. कारखान्याच्या मालकांनी काकांची जुनी पिशवी दिली होती. तिच्यातली सुई, दोऱ्याचं रीळ, भोकं पाडायचा टोचा आणि घडी दाबायची हाडाची पट्टी टेबलावर मांडून त्या रोज संध्याकाळी शिकवणी घ्यायच्या. त्या धंद्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. काकांना घरी कामाचं नाव काढलेलं खपत नसे, आणि मावशींचं शिवणकाम बटण लावण्यापुरतं. पण "सुई कुठेय?" एवढं तर विचारता येत होतं. आणि दोन वर्षांच्या खटपटीनंतर काका सुई उचलायला लागले होते! टोचासुद्धा. मावशींना वाटायचं, घोडं गंगेत न्हालं नसलं तरी काठाशी आलंय.

अशात मावशींचा पाय मुरगळला. तीन दिवस त्या घरी बसल्या आणि उंदरांचं काम फाटकावरच्या वॉचमनकडे आलं. त्या तीन दिवसांच्या वहीत नुसता गोंधळ होता. मेंदू कापलेले असोत की न कापलेले, सगळेच्या सगळे उंदीर बंद गल्ल्यांत भरकटले होते. बाईंनी वॉचमनला फैलावर घेतलं, पिंजऱ्यांपाशी आवाज केला असशील, उचलताना घाबरवलं असशील म्हणून, आणि तिन्ही पानांवर तांबडी पेन्सिल ओढली. मावशी परत आल्या आणि उंदीर पुन्हा शहाण्यासारखे पळायला लागले.

वॉचमनच्या मात्र मनाला लागलं होतं. चहाच्या वेळी तो मावशींकडे आला.

"मावशी, मी शिंकलोसुद्धा नाही हो. उलट जास्तच पायपीट केली. दाणे कपाटात, उंदीर पोचला की उठा, दाणे आणा, वाटीत टाका."

"कपाटात कशाला, भाऊ? मी डबा मांडीवरच घेते."

हे बोलून मावशी तिथेच थांबल्या. गेली सहा वर्षं त्या भुलभुलैयाच्या शेवटच्या टोकाला, वाटीच्या मागे, स्टुलावर बसत होत्या आणि भाजलेल्या दाण्यांचा डबा त्यांच्या मांडीवर असायचा. बाई सुरुवातीच्या टोकाला घड्याळ घेऊन बसायच्या. डबा बाईंना कधी दिसलाच नव्हता. मावशी जशा खोलीतल्याच, तसा डबाही खोलीतलाच.

दुपारी बाई वर गेल्या तेव्हा मावशींनी दार लावून घेतलं. स्टूल उचललं आणि बाजूच्या एका बंद गल्लीच्या टोकाशी नेऊन ठेवलं. सगळ्यांत थोराड उंदराला त्यांनी लाडाने बोका नाव दिलं होतं. मेंदू सगळ्यांत जास्त कापला गेला होता तोही त्याचाच. बोक्याला सोडून त्या लगबगीने स्टुलावर जाऊन बसल्या, डबा मांडीवर. बोक्याने नाक वर केलं. मग ज्या वाटेने तो चाळीस वेळा बिनचूक गेला होता ती खुशाल सोडून तो त्या बंद गल्लीत शिरला आणि मावशींच्या समोर फळीला नाक लावून उभा राहिला. त्याला वाट आठवत नव्हती. त्याला मावशी कुठे आहेत ते कळत होतं.

हे बाईंना सांगायचं म्हणजे सहा वर्षांवर बोळा फिरवायचा. लेख टंकून झाला होता, परवा टपालात पडणार होता. आणि बाईंचं खोटं निघालं तर ते वाक्यही खोटं. मग घर रिकामं होतं की काय? जेवणाचा डबा तसाच घेऊन त्या घरी गेल्या.

संध्याकाळी सवयीने त्यांनी टेबल मांडलं. "सुई कुठेय हो?" काकांनी मान वर केली, मावशींच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सुई उचलली. रोज असंच होत होतं. पण रोज मावशी सुईकडे बघत असायच्या! आज त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि विचारलं, "टोचा कुठेय?"

बराच वेळ काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा काकांचा हात चारही वस्तूंवरून नुसता फिरत होता, आणि ते केविलवाण्या नजरेने मावशींचे डोळे शोधत होते. दोन वर्षं त्या नवऱ्याला शिकवत नव्हत्या, नुसतं वाट दाखवत होत्या. मावशींना इतकं वाईट वाटलं की त्यांना रडूसुद्धा येईना.

सकाळी बाई यायच्या आत त्या खोलीत उभ्या होत्या.

"बाई, उंदीर वाट आठवून जात नाहीत. माझ्याकडे येतात."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. बसा, दाखवते."

बोक्याने पुन्हा तेच केलं. बाईंनी स्टूल दुसऱ्या बंद गल्लीशी नेलं, मग तिसऱ्या. बोका प्रत्येक वेळी इमानदारीत डब्याकडे. बाई खुर्चीत बसल्या. पुष्कळ वेळ त्या बाहीवरचा खडू झटकत राहिल्या.

"तुम्ही गप्प बसला असता तर कोणाला कळलं नसतं, मावशी."

"मला कळलं होतं ना."

"मला तुमचा राग आलाय," बाई म्हणाल्या. "माझा त्याहून जास्त आलाय. उद्यापर्यंत उतरेल. उद्या लवकर या, चोवीस नवे उंदीर लागतील."

"आणि बाई, ते कप्प्याचं… आमच्या ह्यांचं?"

बाईंनी चष्मा काढला. "ते आता मला माहीत नाही. तुम्हाला खोटा धीर देणार नाही."

टंकलेला लेख त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला, आणि वरच्या मजल्यावर जाऊन चूक आपली म्हणून सांगितली. तिथे काय हशा पिकला असेल ते सांगायला नको. पण दुसऱ्या दिवसापासून खोलीचं रूपच पालटलं. दाण्यांचा डबा इमारतीबाहेर गेला. वाटीखाली एक लहान घंटी बसवली. उंदीर पोचला की ती वाजायची, आणि दाणे मागाहून पिंजऱ्यात मिळायचे. प्रत्येक फेरीनंतर फळ्या साबणाने घासायच्या. मावशी आणि बाई, दोघींनीही खोलीबाहेर थांबायचं, दार बंद.

उंदीर हातावर वाढवलेल्या माणसाला दाराबाहेर बसवणं म्हणजे काय शिक्षा असते, ते मावशींना विचारा. घंटी वाजेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला. एकदा त्या नकळत दाराला कान लावायला गेल्या, तर बाईंनी पदर धरून मागे ओढलं.

पाच महिन्यांनी आकडे जुळले. थोडा मेंदू कापलेल्यांची घंटी वाजत होती, मग तो थोडा कुठूनही कापलेला असो. जास्त कापलेले भरकटत होते. पण पुन्हा पहिल्यापासून शिकवलं की तेही शिकत होते. दुप्पट, तिप्पट दिवस लागत, पण शिकत होते.

"म्हणजे 'कितीही कापा' हे माझं निम्मं चुकलं होतं," बाई म्हणाल्या.

"आणि निम्मं?"

"ते आता कोणाच्या बापाला खोडता येणार नाही."

मावशींनी हातातला पिंजरा खाली ठेवला. "ह्यांचं किती कापलं गेलंय, बाई?"

"ते बाहेरून कळत नाही. पण तपासायचं कसं, ते तुम्हाला आता माझ्याइतकंच येतं."

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मावशींनी टेबल पुसलं. सुई, रीळ, टोचा, हाडाची पट्टी; आणि या वेळी कारखान्यातून मागून आणलेले चार फर्मे, म्हणजे शिवायच्या आधीचे पुस्तकाचे घडी घातलेले कागद. काकांना खुर्चीत बसवलं. काही विचारलं नाही, काही दाखवलं नाही. बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं.

पॅसेजमधल्या ट्रंकेवर त्या बसून राहिल्या. दाराला कान लावायचा नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. आतून खुर्ची सरकली. मग कागद खरखरला. मग एकदम शांत. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मावशींचे हात दोनदा कडीपर्यंत गेले आणि दोनदा त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले. आत जाऊन एकदा सुईकडे बघितलं असतं तर काकांना सुई सापडली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्या उठल्या नाहीत.

आणि आतून आवाज आला. जाड, गंजलेला, वैतागलेला.

"अगं! मेण?"

मावशी ताडकन उठल्या. मेण? कसलं मेण? पिशवीत मेण नव्हतं, दोन वर्षांत शिकवणीत कधी मेणाचं नाव निघालं नव्हतं. हा शब्द त्यांनी दाखवलेला नव्हता. त्यांना तो दाखवता आलाच नसता.

त्यांनी दार उघडलं. टेबलावर एका फर्म्याला नीट ओळीत भोकं पडली होती. काकांनी हातभर दोरा तोडून घेतला होता आणि मेणाचा खडा धरल्यासारख्या रिकाम्या चिमटीतून तो पुन्हा पुन्हा ओढून दाखवत होते, असा, असा, एवढंही कळत नाही का तुला, अशा चेहऱ्याने. त्यांनी मावशींच्या डोळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं सगळं लक्ष दोऱ्यात होतं.

"मेण कशाला लागतं हो?" मावशींनी विचारलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

काका दोऱ्याकडे बघत शब्द शोधत राहिले. तो काही सापडला नाही. मावशींनी तो सुचवला नाही. त्या कपाटातून मेणबत्तीचा तुकडा घेऊन आल्या, टेबलावर ठेवला, आणि पुन्हा बाहेर जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.