साहेब बसेपर्यंत

रमाकांत मास्तरांना कुणी विचारलं की सिल्वासाच्या शाळेत तुम्ही नेमकं काय शिकवता, तर ते म्हणत, "स्वागत." विचारणाऱ्याला वाटे, म्हातारा थट्टा करतोय. पण मास्तर अगदी खरं तेच सांगत असत.

मास्तर मूळचे कुडाळकडचे. वडील दशावतारात पायपेटी वाजवायचे, त्यामुळे सूर घरातलाच. पुढे मुंबईत मामाकडे राहून रीतसर गाणं शिकले, परीक्षा दिल्या, आणि यूटीतल्या, म्हणजे या केंद्रशासित प्रदेशातल्या, एका सरकारी मराठी शाळेत संगीत शिक्षक म्हणून लागले तेव्हा त्यांना वाटलं, आता आपण गाणारी पोरं घडवणार. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "सोमवारी मोठे साहेब येतायत. स्वागतगीत बसवा." मास्तरांनी बसवलं. मुख्याध्यापक बदलले, साहेब बदलले, मास्तरांचे केस पिकून गळायला लागले, तरी ते स्वागतगीत काही सुटलं नाही.

वेळापत्रकात संगीताचा तास होता, नाही असं नाही. त्या तासाला गणिताच्या बाई राहिलेला धडा उरकत. शाळेची पेटी भांडारात निवडणुकीच्या सामानाखाली पडलेली असे. पाहुणा यायचा म्हटला की तिची धूळ झटकली जाई. शेडचं उद्घाटन असो, झाडं लावायची असोत, नाहीतर नदीकाठी बाकडी बसवली म्हणून फीत कापायची असो, शाळेच्या पोरी नऊवारी नेसून उन्हात हजर. एकदा तर शाळेच्या नव्या पाण्याच्या टाकीचं स्वागतगीत झालं. टाकीला पाणी यायला पुढे वर्ष गेलं, पण गाणं वेळेवर झालं होतं.

चाल कायमची एकच, दादरा तालातली. मध्ये एक जागा रिकामी, तिथे पाहुण्याचं नाव घालायचं. नावापुढे 'भाई' असलं की मात्रा नीट बसत. लांबलचक आडनावाचा पाहुणा आला की पोरींची फरफट होई, आणि पाहुणा स्वतःचंच नाव न ओळखता मान डोलावत राही. कलेचं प्रोत्साहन म्हणतात ते हे.

आता या स्वागताचे दोन नियम होते, आणि कथेचं सगळं घोडं तिथेच अडलं म्हणून ते सांगायला हवेत. एकदा गाणं लवकर संपलं आणि साहेबांना गाडीपासून खुर्चीपर्यंत शांततेत चालावं लागलं. तो अपमान समजला गेला. तेव्हापासून हुकूम निघाला: साहेब बसेपर्यंत गाणं थांबता कामा नये. दुसरा नियम एका भाविक साहेबांमुळे आला. त्यांना मराठी येत नव्हतं. स्वागतगीत ही प्रार्थना समजून ते हात जोडून उभे राहिले. ते उभे म्हटल्यावर सगळं व्यासपीठ उभं राहिलं. पुढे कुणी विचारलंच नाही. स्वागतगीत संपेपर्यंत बसायचं नाही, अशी रीतच पडली.

म्हणजे साहेब बसल्याशिवाय गाणं थांबायचं नाही आणि गाणं थांबल्याशिवाय साहेबांनी बसायचं नाही. एवढी शिकलेली माणसं, पण यातली गाठ कुणाच्या ध्यानात आली नव्हती, कारण ती दर वेळी मास्तर सोडवत. साहेबांचा हात खुर्चीच्या पाठीला लागला रे लागला, की मास्तर तिहाई घेऊन, म्हणजे शेवटचा तुकडा तीनदा म्हणवून, गाणं मिटवत. साहेबांना वाटे, गाणं संपल्यावर आपण बसलो; शाळेला वाटे, साहेब बसल्यावर आपण थांबलो. मास्तर मनात म्हणत, माझी आयुष्यभराची साधना काय, तर खुर्चीची पाठ बघणं.

अशा या माणसाला उतारवयात सोनी भेटली.

सोनी राखोलीच्या चाळीतली. बाप झुंबर शिरपूरकडून आलेला, धाग्याच्या कंपनीत मशीनवर उभा राहायचा. आई श्रावणात चाळीतच कानबाई देवी बसवायची आणि खानदेशातल्या बायका गोळा करून रात्र जागवायची. ती गाणी ऐकत पोर वाढली. नववीत असताना स्वागतगीताच्या घोळक्यात मागच्या रांगेत उभी राहून ती गायली, आणि मास्तरांनी पेटीवरचा हात उचलला. जगातल्या एकूण एक गोष्टीला नाक मुरडणाऱ्या त्या माणसाला त्या आवाजात नाक मुरडायला काही सापडेना.

तेव्हापासून मधल्या सुट्टीत मास्तर तिला शिकवू लागले. पण मधल्या सुट्टीत असून किती शिकवणार? दहावी झाली की पोर कंपनीत पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहणार, हे ठरलेलंच होतं. चाळीतल्या तिच्याहून थोरल्या सगळ्या मुली तिथेच होत्या.

आणि त्याच वर्षी शाळेच्या फळ्यावर एक चकचकीत कागद लागला. 'युवा कलाशोध' नावाची योजना निघाली होती. 'तुमच्या शाळेत दडलेला कलाकार आम्ही शोधू,' असं वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

"दडलेला कुठे?" मास्तर म्हणाले. "तुम्हीच दडपलाय की, निवडणुकीच्या सामानाखाली."

बोलले खरे, पण कागद त्यांनी पुन्हा वाचला. निवडलेल्या मुलांना वर्षभर नामवंत गुरूंकडून शिक्षण, राहण्याची सोय, पुढे मोठ्या रंगमंचावर संधी. तोंडाने कुचेष्टा चालू होती आणि मनात मात्र आशा शिरली. घरी जाऊन बायकोला, लीलाबाईंना, म्हणाले, "खोटंच असणार गो. पण समजा खरं निघालं तर?"

लीलाबाई भाजी निवडत होत्या. "तुम्ही असे आनंदाने बोललास की माका भीतीच वाटता," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी सोनीला तिच्या आईचंच कानबाईचं गाणं बसवलं. त्यात गावातली बाई देवीला घरी बोलावते. देवी वेशीत येते, गल्लीत येते, अंगणात येते, उंबऱ्याशी येते. प्रत्येक ठिकाणी बाई तिला काहीतरी देते आणि म्हणते, अजून आत ये. अगदी शेवटच्या कडव्यात देवी पाटावर बसते. मास्तरांनी त्याला थोडी आलापी जोडली, पण गाण्याचं अंग तेच ठेवलं. प्रत्येक शाळेच्या कलाकाराला काही मिनिटं गायला मिळतील, असं पत्रात लिहिलं होतं.

निवडीच्या दिवशी मास्तरांच्याच शाळेच्या सभागृहात पाच-सहा शाळांची मुलं सकाळपासून रंगून बसली. नऊवारीतल्या मुली, पिसं लावलेली मुलं, एक बिचारा मोराच्या वेषात उकडून निघत होता. निवड समितीची माणसं पहिल्या रांगेत काजू खात होती. प्रमुख पाहुणे दुपार उलटली तरी येईनात. शेवटी निवेदन करणाऱ्या प्राजक्ता मॅडम माइकवर आल्या. मुंबईच्या होत्या, त्यामुळे वाईट बातमीही त्या गोड आवाजात देत.

"वेळेअभावी सर्व वैयक्तिक सादरीकरणं रद्द करण्यात येत आहेत," त्या म्हणाल्या. "यजमान शाळेचं स्वागतगीत होईल, मग साहेबांचं मार्गदर्शन. समिती स्वागतगीतातूनच निवड करेल. टाळ्या!"

आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. सवयच तशी लावलेली.

मास्तरांच्या अंगाची आग झाली. इतकी वर्षं त्यांनी या लोकांना मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या आणि पेटीवर गोड सूर धरला होता. सोनीकडे बघितलं तर तिचा चेहरा उतरला होता. ती हळूच म्हणाली, "सर, मग माझं गाणं नाही?"

"आहे," मास्तर म्हणाले. "मी मान हलवली की सुरू कर. आणि देवी पाटावर बसेपर्यंत थांबायचं नाही. कुणीही डोळे वटारू दे."

बाहेर गाड्यांची दारं आपटली. साहेब आले. पोरींनी स्वागतगीत सुरू केलं. साहेब पायऱ्या चढले, हार झाले, शाल झाली, नारळ झाला. साहेबांचा हात खुर्चीच्या पाठीला लागला. मुख्याध्यापकांनी नेहमीप्रमाणे सुटकेचा श्वास सोडायला तोंड उघडलं. मास्तरांनी तिहाई घेतली नाही. त्यांनी पट्टी बदलली आणि मान हलवली.

सोनीचा आवाज उठला. देवी वेशीत आली.

साहेब बसता बसता पुन्हा ताठ झाले. व्यासपीठ ताठ झालं. समितीची माणसं हातातले काजू कुठे ठेवावेत या विवंचनेत उभी राहिली. बसावं तर रीत मोडते, गाणं थांबवावं तर हुकूम मोडतो. देवी गल्लीत आली. मुख्याध्यापक डोळ्यांनी खुणा करकरून थकले; मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. प्राजक्ता मॅडम माइकपर्यंत गेल्या आणि तशाच मागे सरल्या. देवी अंगणात आली, तिला पाणी दिलं, हळदकुंकू दिलं. साहेबांनी नारळ एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतला. ज्या माणसांनी जन्मात कुठलं गाणं पुरं ऐकलं नव्हतं, ती माणसं त्या दिवशी शाळेत शिक्षा भोगणाऱ्या पोरांसारखी उभी राहून एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत होती. देवी पाटावर बसली, तेव्हा साहेब बसले.

मास्तरांनी डोळे उघडले. सोनीच्या कपाळावर घाम होता आणि ती हसत होती. इतक्या वर्षांत मास्तरांना एवढा आनंद झाला नव्हता.

आणि सोनीची निवड झाली. खरंच झाली. झुंबर कामाची पाळी बदलून घेऊन मास्तरांच्या आमलीतल्या घरी पेढे घेऊन आला. "सर, मनी पोर आते टीव्हीवर दिखी का?" त्याने विचारलं. मास्तरांनी पेढा खाल्ला, आणि चक्क म्हणाले, "दिसेल, दिसेल." लीलाबाईंनी नवऱ्याकडे काळजीने पाहिलं.

पुढच्या आठवड्यात योजनेच्या कक्षातून विशाल नावाच्या पोरगेल्या बाबूचा फोन आला. "सर, तुमचं स्टुडंट तो एकदम जबरदस्त छे! साहेब बहोत खूश. मंगळवारी तिला पाठवा. योजनेचा शुभारंभ आहे."

"शिकवायला कोण गुरू येणार?"

"गुरूचं अजून प्रोसेसमध्ये आहे, सर. पहिलं तिला स्वागतगीत करायचंय. शुभारंभाचं. मग नारोलीला एक उद्घाटन, मग रमतगमत, म्हणजे स्पोर्ट्स डे, मग पंधरा ऑगस्ट. वर्षभराचा पूरा कार्यक्रम लागलाय. साहेबांनी खास सांगितलंय, स्वागताला आता हीच मुलगी. फक्त गाणं थोडं शॉर्ट करा."

"आणि शिक्षण?"

"अरे सर, हेच शिक्षण ने! स्टेजची प्रॅक्टिस होते."

मास्तरांनी फोन ठेवला. सापळा कुणी लावला, तर आपणच. आपणच पोरीचा आवाज त्या खुर्चीपाशी नेऊन दाखवला. कलाकार शोधणारे ते हेच: विहीर सापडली की तिच्यावर पाय धुवायचा नळ बसवणारे. मास्तरांना संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनाही असंच शोधून काढलं होतं.

संध्याकाळी ते राखोलीला झुंबरच्या खोलीवर गेले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. सोनी दारात उभी राहून ऐकत होती. झुंबरने पोरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग सर, पोरले शिकाडी कोन?"

"मी," मास्तर म्हणाले.

संगीत शिक्षकाने हे म्हणायला निवृत्ती दाराशी यावी लागली, एवढीच त्या नोकरीची कमाई. झुंबरने अटही घातली नाही, आभारही मानले नाहीत. "रोज धाडसू," एवढंच म्हणाला.

मंगळवारी शुभारंभाला व्यासपीठ सजलं, मंडप फुलला, 'दडलेला कलाकार' असं लिहिलेला फलक मागे लागला. स्वागतगीताच्या जागी एकटे मास्तर घरची पेटी घेऊन बसले. निघताना लीलाबाई म्हणाल्या होत्या, "ह्या वयात तुम्ही एकटेच गातलास? लोक हसतले." मास्तर म्हणाले, "हसू देत. निदान कुणीतरी काहीतरी ऐकेल."

साहेब पायऱ्या चढले आणि मास्तरांनी आपल्या फाटक्या, खरखरीत आवाजात ते जुनंच दादऱ्यातलं स्वागतगीत सुरू केलं. मोठी माणसं एकमेकांकडे बघू लागली. नऊवारी नाही, गजरा नाही, नुसता एक टकला म्हातारा त्यांना 'या, या' म्हणत होता, आणि रीतीप्रमाणे सगळ्यांना त्याच्यापुढे उभं राहावं लागत होतं. साहेबांचा हात खुर्चीच्या पाठीला लागला. मास्तरांनी बिनचूक तिहाई घेतली आणि पेटी मिटली.

"ती मुलगी कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"शिकायला गेलीय, साहेब."

"कुठे?"

"माझ्या घरी."

यात काय चुकलं हे कुणालाच सांगता येईना, कारण फलकावर शिक्षणाचीच भाषा होती. विशाल घाम पुसत राहिला. मास्तरांनी पेटी उचलली आणि साहेबांचं मार्गदर्शन सुरू व्हायच्या आत मंडपाबाहेर पडले. पुन्हा त्यांना स्वागताला कुणी बोलावलं नाही.

आमलीच्या घराशी आले तर जिन्यातच सोनीचा आवाज ऐकू आला. समोर तांदूळ निवडत बसलेल्या लीलाबाईंना ती कानबाईचं गाणं म्हणून दाखवत होती. देवी नुकती अंगणात आली होती. मास्तरांनी चपला काढल्या, दारापर्यंत गेले आणि थांबले. ऊन लागलं होतं, पाय दुखत होते, हातात पेटीचं ओझं होतं. ते तसेच बाहेर उभे राहिले. गाणं संपलं, तेव्हा आत जाऊन बसले.