घंटेवर लावलेली गिटार

वसंतदादा गेल्याची बातमी पास्कलने आणली. दादाबरोबर मुंबईच्या हॉटेलातल्या बँडमध्ये अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा हा माणूस सकाळच्या लाँचने रेवसला उतरला, तिथून एस.टी.ने चौलला आला आणि माझ्या शाळेच्या दारात टोपी हातात धरून उभा राहिला. तिसरीच्या वर्गाला पाढे म्हणायला लावून मी बाहेर आले. "बाई, वसंत गेला. परवा. छातीत कळ आली आणि... काल सगळं उरकलं. तुमाला कळवायचं कुणाला सुचलंच नाय," तो म्हणाला. सख्ख्या बहिणीला कळवायचं कुणाला सुचत नाही, यावरून आमचं भावाबहिणीचं नातं कसं होतं ते समजून घ्यावं. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मी विचारलं, "गिटार कुठे आहे?" "खोलीवरच हाय," म्हणाला.

त्यानंतरच्या महिन्याभरात दादावर दोन लेख छापून आले. दोन्ही लिहिणारे भले लोक असतील, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण एकाने लिहिलंय, 'वसंतरावांनी आपली वाद्यं लेकरांसारखी जपली.' ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. लेकरं त्याची होती, पण त्यांना न्हाऊमाखू घालायचं काम बारा वर्षं माझ्याकडे होतं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी पद्धत आहे. ज्यांना चांगलं आठवतं त्यांनी जरूर बोलावं.

दादा मुंबईला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात पॉलिशच्या कामाला होता. तिथेच तो गिटार शिकला, आणि चांगला शिकला, हे मी नाकारत नाही. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी साहेब लोक बोटी गाठायच्या घाईत घरातलं सामान मिळेल त्याला देऊन मोकळे होत होते. त्या गडबडीत दादाने आधी दोन, मग आणखी तीन अशा पाच गिटारी गोळा केल्या. राहायचा तो एका खोलीत सहाजणांबरोबर. तिथे स्वतःची वळकटी ठेवायची पंचाईत, पाच गिटारी कुठे ठेवणार? म्हणून त्या गोणपाटात गुंडाळून, लाँचमधून, आमच्या वाडीतल्या घरी आल्या. मला किंवा आईला विचारायचा प्रश्नच नव्हता. ओटीवर त्या ओळीने ठेवून त्याने मला जवळ बोलावलं आणि एका दुपारात सगळं शिकवलं. शिट्टीसारखी एक छोटी नळी होती. तिच्या सहा भोकांत फुंकलं की सहा तारांचे सहा स्वर निघायचे. पाचवी तार नळीवर लावायची, मग तिच्यावरून बाकीच्या. गिटारीच्या मानेवरच्या पाचव्या पट्टीवर बोट दाबून पुढची तार जुळवत जायचं, एका ठिकाणी मात्र चौथ्या. मी तासाभरात न चुकता लावायला लागले. मला वाटलं, आता हा एखादं गाणं शिकवील. मी एक तार छेडली, दुसरी छेडली, तशी त्याने गिटार माझ्या हातातून काढून घेतली. "कुसे, तुझं काम लावायचं. वाजवायची न्हाय."

मी वाजवली नाही. आज लिहिताना याचाच राग येतो, आणि तो सगळाच काही दादावरचा नाही.

समुद्रकाठी गिटार ठेवणं म्हणजे काय, ते मुंबईच्या लेखकांना ठाऊक नसणार. खारा वारा आठ दिवसांत तारा लाल करतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, सांधे सुटतात, तारा ताणायच्या चाव्या फिरेनाशा होतात. त्यातून लाँच चार महिने बंद, म्हणजे दादाही फिरकायचा नाही. पहिल्याच पावसाळ्यात एका गिटारीचं पोट फुगलेलं बघून मला रडू आलं होतं. मग मीच उपाय शोधला. कोरडं भात ओल ओढून घेतं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आईच्या धुऊन मऊ झालेल्या लुगड्यात एकेक गिटार गुंडाळायची, पोटाच्या भोकावर फडकं बांधायचं, तारा सैल सोडायच्या आणि कणगीतल्या भातात मानेपर्यंत उभी पुरायची. आई कणगीला हात लावू देईना. "कणगीत लक्ष्मी असते गो. त्या मडमेच्या पेटाऱ्याला तिथं जागा न्हाय," म्हणाली. मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. उंदरांसाठी कडुलिंबाचा पाला घातला, तरी एका गिटारीच्या बुडाशी एकाने दात लावलेच. दर रविवारी पाचही बाहेर काढायच्या, तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, खोबरेलाचं बोट फिरवायचं, पुन्हा ठेवायच्या. पाऊस सरला की तारा हळूहळू ताणत आणायच्या, एका दिवसात नाही, आठवड्याभरात. हे करताना माझं शिक्षिकेचं ट्रेनिंग झालं, नोकरी लागली, दोन स्थळं आली आणि गेली. गिटारी सुरात होत्या.

दादाने एकदा ती नळी मुंबईला नेली आणि परत आणायला विसरला. दर खेपेला सांगितलं, दर खेपेला विसरला. "अगो, अंदाजानं लाव ना," म्हणायचा. अंदाजाने लावायला ती भाजीतली मिठाची चिमूट होती का? तेव्हा मला आमच्या आळीतल्या देवळाची घंटा सापडली. पोर्तुगीजांच्या वेळची, कुठल्याशा पडक्या चर्चमधून आलेली, असं म्हातारी माणसं सांगायची. संध्याकाळच्या आरतीला गुरव ती वाजवायचा. एक दिवस मागच्या पडवीत गिटार घेऊन बसले असताना ठोका पडला आणि मांडीवरच्या गिटारीची पाचवी तार आपोआप थरथरली. मी कान देऊन ऐकलं. नळीचा स्वर ऐकून वर्ष उलटलं होतं, घंटा रोज कानावर होती. मी घंटेवर विश्वास ठेवला. त्यानंतर रोज आरतीच्या वेळी मी पडवीत असायची. घंटेवर पाचवी तार, तिच्यावरून बाकीच्या. गुरवकाका विचारायचे, "काय गो, आरतीला येत न्हाईस?" मी म्हणायची, "हितूनच येते."

आता घंटा नळीपेक्षा जराशी उतरी होती. पाचही गिटारी एकमेकींशी जुळलेल्या, प्रत्येक आपल्या जागी बरोबर, फक्त सगळ्या मुंबईपेक्षा किंचित खाली. एकट्याने वाजवणाऱ्याला कळणारही नाही. पण दादा एकदा गिटार घेऊन निघाला, ओहोटीमुळे लाँच रेवसला रखडली, हा उशिरा पोचला आणि थेट जाऊन बँडमध्ये बसला. पियानो सुरू झाला आणि गिटार बेसूर. बँडमास्तरने त्याला भरल्या हॉलमधून उठवून बाहेर घालवला. वाजवायला बसण्याआधी कुठलाही वादक आपली तार तपासतो, हे मला फार उशिरा समजलं. त्याला ते तेव्हाही माहीत होतं.

पुढच्या रविवारी तो पास्कलला घेऊन घरी आला. जेवणं झाली. दुपार कलती झाल्यावर ओटीवर गिटार मांडीवर घेऊन त्याने सुरुवात केली. मी चहा घेऊन उभी होते. "ही आमची कुसुम. मास्तरीण हाय," पास्कलला म्हणाला. "पण कान लाकडाचा. देवानं एक गोष्ट न्हाय दिली ती न्हायच. हिच्यापायी लोकांसमोर माझं नाक कापलं गेलं." आई आतून म्हणाली, "अरे, पोर जीव लावून करते हाय." "जीव लावून काय करायचं, सूर लावायला सांगितला होता," दादा म्हणाला. मी कप ठेवले आणि आत गेले. थोड्या वेळाने आरती सुरू झाली. दादाचं बोलणं मध्येच थांबलं, ते आतून मला कळलं. मला वाटलं, शिव्या संपल्या असतील.

निघताना त्याने उंदराने कुरतडलेली ती एक गिटार बरोबर घेतली. लुगड्यासकट. बाकीच्या त्याने पुढे एकेक करून नेल्या, विकल्या. मला सांगितलं, "आता लावू नको. नुसत्या ठेव." कान लाकडाचा असलेल्या माणसाने नुसत्या ठेवल्या. बाजूच्या घरातल्या मुलीने शाळेत गाणं बसवायला बोलावलं, मी गेले नाही. भजनात बसायची, ते सोडलं. शाळेत प्रार्थना सुरू झाली की ओठ हलवायची, आवाज काढायची नाही. अकरा वर्षं. एका माणसाच्या एका वाक्यावर कुणी एवढं करतं का, असं तुम्ही म्हणाल. जिने बारा वर्षं एकच काम मन लावून केलं आणि तेच तुला येत नाही असं जिला सांगितलं गेलं, तिला विचारा.

तर गेल्या महिन्यात खोली रिकामी करायला मुंबईला गेले. पास्कल किल्ली घेऊन आला होता. एक लांब ट्रंक, दोन शर्ट, स्टोव्ह. गिटार ट्रंकेत होती, आईच्या लुगड्यात. लुगडं उलगडलं तेव्हा मूठभर भात बांधलेली पुरचुंडी खाली पडली. भोकावर फडकं होतं. बुडाशी उंदराचे दात. मी खाटेवर बसले आणि पाचवी तार छेडली...

आरती सुरू झाली असं वाटलं. मी सगळ्या तारा एकामागून एक छेडल्या. एकही इकडची तिकडे नव्हती.

"ही कामाला कधी न्यायचा नाय," पास्कल म्हणाला. "कामाची वेगळी होती. ही रोज घरी वाजवायचा. मी म्हणायचो, अरे उतरी हाय, चढव. तर म्हणायचा, बरोबर हाय, आमची घंटा इथंच हाय."

"हे त्याला कधी समजलं?" मी विचारलं.

पास्कलने टोपी फिरवली. "त्याच दिवशी ना, बाई. तुमच्या ओटीवर. घंटा झाली, त्यानं तार छेडली आणि एकदम गप्प झाला. परत जाताना लाँचमध्ये मला म्हणाला, पोरीनं घंटेवर लावली रे, केसाचापण फरक नाय. मला वाटलं, तुमाला बोलला असेल."

नाही. बोलला नाही. त्याच संध्याकाळी त्याला कळलं होतं, मी आत पाच पावलांवर चुलीपाशी बसले होते, आणि तो उठून आत आला नाही. आई गेली तेव्हा तेरा दिवस घरात होता, तेव्हाही नाही. पास्कलला वाटलं मला बरं वाटेल. कुणी म्हणेल, बघ, मनात होतं त्याच्या. मनात होतं म्हणूनच मी जास्त चिडले आहे. त्याला कळलंच नसतं तर तो नुसता अडाणी ठरला असता.

गिटार मी घरी आणली. ती आता कणगीत नाही, पडवीत खुंटीला असते. पाऊस तोंडावर आला आहे, तारा सैल करायला हव्यात, मी केलेल्या नाहीत. रोज संध्याकाळी ती मांडीवर घेते. देवळात ठोका पडतो, पाचवी तार आपली आपण थरथरते, मी चावीवर हात ठेवते आणि फिरवावी लागत नाही. घंटेचा आवाज माडांवरून पलीकडे जाऊन विरेपर्यंत मी ऐकत बसते. बराच वेळ लागतो त्याला. दादा, 'बरोबर हाय' एवढं म्हणायला तुला याच्या निम्मासुद्धा लागला नसता.