तांबड्याची मूठ

जनावर बरं करायला मला कुणी शिकवलं नाही. हात घातला आणि जमलं. सत्तर सालानंतरची आठ-दहा वर्षं धुळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या मागचं पत्र्याचं छप्पर कधी रिकामं राहिलं नाही. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आढ्यावरून पडलेलं घुबडाचं पिल्लू आलं, दोर रुतून मान सोललेलं गाढव आलं, आणि कुत्री तर मोजलीच नाहीत. जखमेत किडे पडले असतील तर सीताफळाचा पाला वाटून बांधायचा, ते मेले की करंजाचं तेल. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा एकदा म्हणाले होते, "बाई, हे कुत्रं तुम्हीच न्या, इथे ठेवलं तर मरेल." मी नेलं आणि ते जगलं.

मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, त्यामुळे नियम करायची खोड होती. जनावरांसाठीही एक नियम होता: बरं झालं की चालतं व्हायचं. आपलं घर म्हणजे दवाखाना, धर्मशाळा नव्हे. पण बरं झालेलं कुत्रं रस्त्यावर सोडायची सोय नव्हती. नगरपालिकेची माणसं विषाचे लाडू घेऊन फिरायची, आणि गळ्यात पट्टा नसलेलं कुत्रं दिसलं की त्याचं आयुष्य तिथेच संपायचं. म्हणून मी प्रत्येकाला घर शोधून द्यायचे. ज्याला शब्द दिला त्यालाच कुत्रं द्यायचे, आणि माझा शब्द कधी मागे गेला नव्हता. याचा मला फार गर्व होता, तो कशाला लपवू?

घरात आम्ही दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई. यजमान चाळीसगावच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. सासरे, म्हणजे आबा, वारून चार वर्षं झाली होती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे आणि त्या मला, मनात असेल तेव्हा 'पोरी' आणि नसेल तेव्हा 'मास्तरीन'. जनावरांच्या बाबतीत मी कायम मास्तरीणच असे. छपराकडे बघायच्याही नाहीत. "बठ्ठा गावना रोग आपलाच घरम्हा का वं?" सगळ्या गावाचा रोग आपल्याच घरात का, हे त्यांचं अहिराणीतलं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याची चालही मला पाठ होती.

तांबडा आला तो होळीच्या सुमारास. आग्रा रोडवर ट्रकने उडवलेला, मागचा एक पाय लोंबत असलेला. टांगेवाल्याने पोत्यात घालून आणला. पाय वाचला नाही, कुत्रा वाचला. तीन पायांवर तो असा धावायचा की चौथ्याची अडचणच झाली असती. आवाज मात्र खणखणीत होता. पारोळा रस्त्यावरच्या एका गावातले शेतकरी, त्यांना सगळे नाना म्हणत, माझ्याकडून आधी दोन कुत्री घेऊन गेले होते. रानडुकरं भुईमूग उकरायची, त्यांना भुंकणारं कुत्रं हवं होतं. मी तांबड्याचा शब्द दिला. कानबाईचा सण झाला की मंगळवारी पेंड न्यायला गाडी येईल, तेव्हा घेऊन जा. सासूबाई चुलीपाशी बसून हे ऐकत होत्या. सुटकेचा निःश्वास टाकला असेल, असं मी धरून चालले.

कानबाई म्हणजे आमच्याकडचा मोठा सण, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणारा. नारळाला नथ घालून देवी मांडतात आणि रोट करतात, गुळाच्या पाण्यात कणीक मळून. त्याचे गहूसुद्धा मोजून घ्यायचे, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. सासरे गेल्यावर आमच्या तीनच मुठी उरल्या होत्या: यजमान, दीपनगरचे धाकटे दीर आणि त्यांचा मुलगा. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, परक्याच्या तोंडी लागू द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. सासूबाई या बाबतीत इतक्या कडक की माझी सख्खी आई एकदा सणाला आली होती, तिला खीर, पुरणपोळी सगळं वाढलं, पण रोटाचा तुकडा दिला नाही. आई हसून गेली, मी मात्र वर्षभर धुमसत होते.

त्या सोमवारी गल्लीतल्या बायकांबरोबर मी पांझरा नदीवर कानबाई बोळवून परत आले. सासूबाई गुडघ्यांमुळे मागे घरीच राहिल्या होत्या. मी मागच्या दाराने पाय धुवायला गेले तर तांबडा छपराखाली बसून रोट खात होता. अर्धा खाल्ला होता, अर्धा पुढच्या पंजांत धरलेला. मी तो तुकडा ओढून घेतला, पदरात लपवला आणि त्याला एक चापट दिली. चार महिने ज्याला मी बोटही लावलं नव्हतं त्याला मारलं, आणि तो मार न समजून माझ्याकडे बघत राहिला. सासूबाईंना हे कळलं तर छप्परच उठेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. उद्या तो जाणारच होता.

मंगळवारी सकाळी नानांची बैलगाडी दारात उभी राहिली. मी तांबड्याच्या गळ्यात दोर घातला. तो पुढे येईना, ओट्याच्या पायरीला अंग घासत उभा राहिला. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या.

"नाना, कुत्रं देवानं नही," त्या म्हणाल्या, म्हणजे द्यायचं नाही.

नाना चमकले. "काबर वं अक्का? मास्तरीनबाईनी शब्द दिधा शे."

"त्यानी रोट खादा. आते तो घरना शे."

मला वाटलं, नाना हसतील. नाना हसले नाहीत. त्यांच्याही घरी कानबाई बसत होती. त्यांनी वाकून तांबड्याच्या गळ्यातला दोर स्वतःच्या हाताने सोडला, गुंडाळला आणि म्हणाले, "मंग बोलनंच खुंटनं." गाडी पेंडीकडे गेली.

माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शब्द गेला होता. मी म्हटलं, "आत्याबाई, त्याने चोरून खाल्ला. ती काय देवीची आज्ञा झाली?"

"चोरा नही," त्या म्हणाल्या. "मीच दिधा."

"पण का? तुम्हाला तर ही जनावरं डोळ्यांसमोर नको असतात. आणि ठेवायचा होता तर मला आधी सांगायचं!"

त्या पायरीवर बसल्या. तांबडा लगेच त्यांच्या पायांना टेकून बसला, रोजच्या जागेवर बसावा तसा. ती त्याची रोजचीच जागा होती. मी अकरा ते पाच शाळेत असायचे आणि त्या सहा तासांत या घरात काय होतं, हे मी चार महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. दुपारी तो भुंकला की सासूबाई त्याच्याशी बोलतात, हे शेजारणीला ठाऊक होतं, पोस्टमनला ठाऊक होतं. सासरे गेल्यापासून त्या दुपारी कुणाशी बोलत असतील, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

"तू कोनं ऐकस का, मास्तरीन?" त्या म्हणाल्या. रागाने नव्हे, असंच, भाव विचारावा तसं.

मुकी जनावरं मला कळतात अशी माझी ख्याती होती, आणि घरातल्या बोलत्या माणसाला माझ्यापुढे एक गोष्ट मागायची छाती झाली नव्हती. त्यासाठी आत्याबाईंना कानबाईला मध्ये घालावं लागलं, सगळा जन्म पाळलेला नियम मोडावा लागला. मला लाज वाटली. अजूनही वाटते. त्या दिवशी मी शाळेत गेले नाही, नगरपालिकेत जाऊन तांबड्याच्या पट्ट्यासाठी परवान्याचा बिल्ला करून आणला.

पुढच्या श्रावणात आत्याबाई सुपाशी गहू मोजायला बसल्या. तीन मुठी झाल्या, आणि हात पुन्हा पोत्यात गेला. सवयीने आबांची मूठ काढतायत असं मला वाटलं. मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, चौथी कुणाची?"

त्यांनी सव्वा मूठ पुरी केली, सुपात टाकली आणि दाराशी झोपलेल्या कुत्र्याकडे हनुवटीने दाखवलं.

"तांबडानी," त्या म्हणाल्या. "लिखी ठेव, मास्तरीन, दरसालनी."