चारचौघांतली माफी

मार्थामामींचा फोन आला तेव्हा मी गावी, कन्हेरीत, उसाला पाणी देत होतो. "मामा सकाळी प्रभूकडं गेले," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग सवयीनं विचारलं, "जेवलात का?" मी बांधावर बसून राहिलो... पाणी सरी फोडून शेजारच्या रानात शिरलं, तरी उठवेना. त्याला आता दीड महिना झाला.

शांतवन साळवे आमच्या लोणी देवकरच्या कारखान्यात लेथ विभागाचे फोरमन होते. सगळे त्यांना मामाच म्हणत. राहायला इंदापुरात. रविवारी चर्चमध्ये उपासनेआधी सतरंज्या अंथरायचं काम त्यांचं, आणि सोमवारी पाळी सुरू होण्याआधी येऊन मशिनं पुसायचंही त्यांचंच. मी डिप्लोमा करून नवा इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा मला वाटे, एवढा नम्र माणूस मनातून भित्रा असणार. पण कुणी कामाचं कौतुक केलं की ते "कसचं, कसचं" करत नसत. "व्हय, चांगला झाला जॉब," म्हणत आणि पुढच्या कामाला लागत. मला ते जरा खटकायचं. नम्र माणसानं अशा वेळी लाजायला हवं, असा माझा समज.

एके सकाळी बिरुदेवनं, आमच्या लेथवरच्या ऑपरेटरनं, शाफ्टची अख्खी बॅच दोन मिलिमीटर बारीक कातली. सगळा माल भंगारात गेला. मामांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "मेंढरं राखायला जा, हितं तुझं काम न्हाय," असं ते सगळ्या पाळीसमोर म्हणाले. बिरूच्या घरी पूर्वी मेंढरं होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काही जण हसले. बिरू कापसाच्या चिंधीनं हात पुसत राहिला.

दुपारी मामांनी मशिनला अडकवलेलं ड्रॉइंग काढून पाहिलं. ते जुनं होतं. बिरूनं त्याबरहुकूमच काम केलं होतं. आणि ते ड्रॉइंग तिथं मी लावलं होतं. मामांनी नवं मागितलं, मी ते माझ्या टेबलाच्या खणातून काढून दिलं. त्यांनी एकदा कागदाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग नवं मशिनला अडकवलं. चूक माझी, हे मी सांगितलं नाही.

"उद्या पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना सांगतो," ते म्हणाले.

"मामा, बिरूला बाजूला घेऊन सांगा ना. सगळ्यांदेखत वाकलात तर उद्या तुमचं कोण ऐकेल? लोक काय म्हणतील?" वरवर मला त्यांची काळजी होती. खरं म्हणजे माझं नाव निघेल, याची मला भीती होती.

"बोललो चारचौघांत, आन् माफी कोपऱ्यात मागू व्हय?" ते शांतपणे म्हणाले. "रोज सकाळी मी प्रभूपुढं गुडघं टेकतो. त्याला जे दिसतंय, ते लोकांना दिसलं तर काय बिघडलं?"

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांपुढं उभे राहिले. "काल मी बिरूला नको ते बोललो. त्याची चूक नव्हती. पहिला नग तपासायचं काम माझं, मी तपासला न्हाय. आन् मेंढरांवरनं बोललो, ते तर तोंडातनं निघायलाच नको होतं. बिरू, मला माफ कर." आवाज नेहमीचाच होता, ना पडलेला, ना चढलेला. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी मागं खांबाला टेकून उभा होतो.

पुढं महिनाभर कँटीनमध्ये टिंगल चालली. फोरमननं ऑपरेटरपुढं नाक घासलं, म्हणे. मॅनेजरांनाही ते रुचलं नाही. विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा ती मामांना मिळायची, ती मला मिळाली. पहिल्याच दिवशी मामा केबिनमध्ये आले, "साहेब, अभिनंदन" म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शोधूनही मला कडवटपणा सापडला नाही. निवृत्त होईपर्यंत त्यांनी माझ्या हाताखाली काम केलं.

गेल्या वर्षी ते आजारी असताना इंदापूरला भेटायला गेलो आणि ते जुनं ड्रॉइंग मी लावलं होतं, हे शेवटी सांगून टाकलं. ते हसले. "मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मला माझी चूक सांगायची होती. तुमची तुमी सांगायची... आन् मला न्हाय, बिरूला."

तरी मी बोललो नाही. बिरू आता स्वतः फोरमन आहे, रोज समोर येतो. रोज वाटायचं, आज नको.

दफनविधीला बिरूनं खांदा दिला. पाळकांची प्रार्थना संपली, माणसं पांगू लागली. कारखान्यातले सात-आठ जण फाटकापाशी थांबले होते. मी त्यांच्यातच जाऊन म्हणालो, "बिरू, ती बॅच गेली ना, ते जुनं ड्रॉइंग मी लावलं होतं. मामांना माहीत होतं. मी गप्प बसलो."

तो म्हणाला, "मामा कधी बोललं न्हायत."

"नाही बोलले."

"लई उशीर लावलात, साहेब," तो म्हणाला आणि हाताला लागलेली कबरीची माती झटकून मामींकडं निघून गेला. बाकीचे माझ्याकडं बघत उभे होते. मी खाली न बघता तिथंच उभा राहिलो.