साडूंचं तिसरं चाक

तीन चाकांच्या मोटरसायकलचं नेमकं काय करायचं, असा प्रश्न जगातल्या कोणत्याही सरकारला पडला तर त्याने समिती वगैरे नेमू नये. जव्हारला येऊन माझ्या साडूंना विचारावं. ते त्यांच्या किराणा दुकानात असतील. वजनकाट्याला टेकवून मोबाइल उभा केलेला असेल आणि त्यावर कुठल्यातरी देशाचा वाहतूक कायदा चालू असेल. दाभोशाहून आलेल्या गिऱ्हाइकाला ते मीठ देतात, तेल देतात आणि पिशवी हातात देता देता सांगतात, "फिलिपाइन्स म्हणून देश आहे. तिथं मोटरसायकलला डबा जोडून पाच-सहा माणसं नेतात. परवाना कोण देतं? तिथली नगरपालिका!" दाभोशाचा माणूस एवढंच विचारतो, "सहाच?" कारण तो ज्या जीपने आलेला असतो, तिच्यामागे तेवढे नुसते लोंबकळत असतात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. हे वेड त्यांना आधीपासून नव्हतं. ताईंचा गुडघा गेला तेव्हापासून ते लागलं. ताईंचं, म्हणजे आमच्या दोघांच्याही बायकांचं, माहेर मोखाड्यापुढे पोशेऱ्याला. तिथे आमच्या सासूबाई. त्यांची नजर अधू झालेली, त्या जव्हारला येऊ शकत नाहीत. आणि ताईंना ना एसटीची पायरी चढवेना, ना जीपमध्ये पाय वर घेता येईना, ना मोटरसायकलवर मागे बसता येईना. भात कापून झालं, नागली झोडून झाली, तरी मायलेकींची भेट नाही. सासूबाई फोनवर दर वेळी एकच विचारायच्या, "कधी येशील गं?" आणि ताई म्हणायच्या, "येते." फोन ठेवल्यावर त्या गुडघ्याकडे बघत बसायच्या. दाजी हे किती दिवस पाहत होते ठाऊक नाही, पण एका सकाळी त्यांनी मला दुकानात बोलावून जाहीर केलं, "पाव्हणे, गाडीला साइडकार लावतो."

जव्हारमध्ये साइडकार बनवणारं कोणी नाही. दाजींनी तो खिडक्यांची ग्रील करणाऱ्याकडून करून घेतला. त्यामुळे त्याला दोन्ही बाजूंनी नक्षी आहे आणि लांबून पाहिलं तर कुणाची तरी गॅलरी रस्त्याने निघाल्यासारखी वाटते. मी टेप घेऊन गेलो होतो. बैठक रुंद, पाय पसरायला जागा, जमिनीपासून उंची माफक. मापात कुठेही चूक नव्हती. चूक निराळीच होती. दाजींनी सगळं परदेशातले व्हिडिओ पाहून केलं होतं आणि त्या देशांत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तेव्हा डबाही उजवीकडे. हे आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर समोर उभा राहून मापं घेतली होती. लक्षात आलं ते पहिल्याच फेरीला. दाजी शिस्तीत डाव्या कडेने चाललेले, आणि ताई आपोआप रस्त्याच्या मधोमध. मोखाड्याकडच्या वळणावर समोरून एसटी आली. ड्रायव्हरने गाडी थांबवून खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओ काका! काकूंना काय दुभाजक म्हणून बसवलंय?"

ताई त्या दिवशी अर्ध्या वाटेतून परत आल्या. डबा डावीकडे लागेपर्यंत त्या दाजींशी बोलल्या नाहीत, आणि नंतर बोलल्या ते एवढंच, "आता तरी आपल्याच देशाचा बघितलात ना?"

दाजींनी त्यानंतर आपल्या देशाचाही कायदा पाहिला आणि उरलेल्या जगाचाही. अमेरिकेत म्हणे राज्याराज्याचं निराळं. कुठे तीनचाकीला मोटरसायकलचा परवाना लागतो, कुठे मोटारीचा चालतो. कुठे हेल्मेट हवंच, कुठे वर छप्पर असेल तर नको. दाजींनी यातून मार्ग काढला तो असा, की जिथे जे सक्तीचं असेल ते सगळं पाळायचं. म्हणून ताईंना पट्टाही आणि हेल्मेटही. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, तर दाजी म्हणाले, "अंबाडा खाली घाल." ताई म्हणाल्या, "कुठल्या देशात लिहिलंय?" ताई नसतील तेव्हा डबा हलका होऊन गाडी एका बाजूला ओढते, म्हणून वजनाला नागलीचं पोतं ठेवतात. त्यालाही पट्टा, त्यालाही हेल्मेट. मोखाड्याच्या बाजारात लोक त्या पोत्याला नमस्कार करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मला स्वतःला त्यांच्या सगळ्या कायद्यांत युरोपचा आवडला, कारण त्यात आकडा आहे. तिथे एकाच आसावरच्या दोन चाकांत सेहेचाळीस सेंटिमीटरपर्यंतच अंतर असेल, तर ती दोन चाकं कायद्याने एकच चाक धरतात. हे ऐकल्यावर मी घरी येऊन टेप उघडून पाहिला. अंतर फार नाही. आमच्या लग्नाच्या फोटोत मी आणि बायको त्याहून लांब उभे आहोत.

पण युरोपचं मत काहीही असो, पोशेऱ्याला जायचा रस्ता आपल्या मुलखातून जातो. परिवहन खात्याचे निरीक्षक जव्हारला शिबिराला आले तेव्हा दाजी आपणहून गाडी घेऊन त्यांच्यापुढे उभे राहिले. ते नाही म्हणाले असते तर डबा भंगारात आणि ताईंचं माहेर बंद. ताई डब्यातच बसून होत्या, हेल्मेट घालून. साहेबांनी भोवती एक चक्कर मारली.

"हे काय आहे?"

"तेच तुम्ही सांगायचं, साहेब," दाजी म्हणाले. "प्रत्येक देश निराळं सांगतो."

साहेबांनी जगाची चौकशी केली नाही. त्यांनी एकच विचारलं, "सुटा होतो का?" आपल्या कायद्यात साइडकार काढता येण्याजोगा असला की मोटरसायकल ती मोटरसायकलच राहते. "होतो," म्हणून दाजींनी पाने काढले. ताईंना खुर्चीवर बसवलं आणि बोल्ट खोलून डबा बाजूला केला. साहेब समाधानाने मान हलवत होते, तेवढ्यात ताई खुर्चीवरून म्हणाल्या, "झालं ना बघून? आता लावा परत. मला आईकडं जायचंय." साहेब हसले. रीतसर अर्ज करा म्हणाले. पुढे तपासणी झाली आणि गाडीच्या पुस्तकात नोंदही झाली.

नोंद झाली त्याच आठवड्यात ताई पोशेऱ्याला पोचल्या. सासूबाई अंगणात आल्या, लेकीच्या तोंडावरून हात फिरवायला गेल्या तर हेल्मेट लागलं. मग त्यांनी ग्रीलवरची नक्षी बोटांनी चाचपली. म्हणाल्या, "जावई, पाळणाच केलास की पोरीला." दाजींना कोणत्याही देशाचा कायदा आठवला नाही. ते नुसते पाने पुसत राहिले.

मागच्या वर्षी नाशिकला ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता त्या जीपमध्ये चढतात. जीप त्यांना आवडतेही. बायका असतात, बोलणं होतं. "डब्यात बोलायचं कुणाशी? हे वाऱ्यात जर्मनी सांगतात," असं त्या म्हणतात. डबा काढून टाका, असंही त्यांनी दोनदा सांगितलं. दाजी पाने घेऊन गाडीपाशी बसतात, बोल्टना तेल घालतात आणि उठतात. विचारलं तर म्हणतात, "नोंद झालेली आहे पाव्हणे, उगाच कशाला?" आणि ताईंच्या जीपमागून डब्यात पोतं घेऊन येतात.

परवा आम्ही चौघे पोशेऱ्याहून परत निघालो. मोखाड्याची जीप हॉर्न वाजवत उभी होती. बायको आणि मी चढलो. ताईंनी दांड्याला हात घातला, एक पाय वर ठेवला, आणि मागे वळून पाहिलं. दाजी पोत्याचा पट्टा आवळत होते.

"फार कोंबतात यात," ताई म्हणाल्या आणि खाली उतरल्या. जीपमध्ये तोवर आम्ही दोघेच होतो.

त्यांनी पोतं काढायला लावलं, ते माझ्या पायाशी आलं. अंबाडा खाली घेतला, हेल्मेट घातलं आणि बसल्या. दाजींनी गाडी सुरू केली, तोंड उघडलं, बहुधा जर्मनी. ताईंनी हात वर करून त्यांना थांबवलं, आणि दोघं निघाली. उतारावर ती गाडी बराच वेळ आमच्यापुढे दिसत होती. गाडीच्या आणि डब्याच्या चाकातलं अंतर मी स्वतः मोजलेलं आहे. ते सेहेचाळीस सेंटिमीटरच्या दुपटीहून जास्त भरतं. युरोपच्या हिशेबाने त्या दोघांना एक धरता येणार नाही.

मी धरलं.