बिनसांध्याची फरशी

त्याचं खरं नाव टपालवाल्यालाच काय ते ठाऊक. बाकी सगळे त्याला ओळंबा म्हणत, गवंडी दोरीला टांगतो त्या सरळ लोंबणाऱ्या वजनावरून. चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या घरात फरशा बसवल्या. पाहुणा म्हणून कुठे गेला तरी आधी एक डोळा मिटून भिंत सरळ आहे का बघणार, मग पाणी पिणार. इतकी वर्षं ओणवं काम केल्यानं आता मान अशी धरली होती की डावीकडे वळेना, उजवीकडे वळेना. बायको म्हणायची, "आता शोभताय खरे ओळंबा."

मान धरली तरी पाय काही धरले नव्हते. काम सुटल्यापासून त्याचं बूड एका जागी टेकत नसे. चहासुद्धा उभ्यानं. दिवसातून दहा वेळा फाटकापर्यंत जाणार आणि काही विसरल्यासारखा परत येणार. जिवाला शांतता म्हणून एवढीच, की बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आठवड्यातून तीनदा तिला गाडीनं दवाखान्यात व्यायामाला न्यायचं. त्या दिवशी तो तासभर आधीच बूट घालून बसे.

पुढे चालवताना काही अडत नव्हतं. घोडं अडायचं ते घरी आल्यावर. बाहेर वळणाचा रस्ता, निघताना गाडीचं तोंड रस्त्याकडे हवं, त्यामुळे गाडी फाटकातून उलटी आत घ्यावी लागे, आणि उलटी घ्यायची तर मान वळायला हवी. दोनदा शेजाऱ्याची कुंपणभिंत खरवडली. तिसऱ्यांदा फाटकच वाकवलं, तेही बायको गाडीत असताना.

मुलीच्या कानावर हे गेलं. तिनं जुनी गाडी मोडीत काढून आपली आपण लागणारी नवी गाडी आणून दारात उभी केली. बटण दाबायचं, हात सोडायचे, गाडी मागे जाऊन जागेवर उभी राहणार. पण सोबत अटही घातली. रविवारी ती येईल, तिच्यादेखत गाडी आत लागली तर किल्ली बाबांची. नाही लागली तर गाडी ती घेऊन जाईल आणि आईला न्यायला माणूस ठेवेल.

माणूस ठेवेल, हे त्याच्या काळजाला लागलं. बायकोला गाडीत बसवताना कुठला पाय आधी आत घ्यायचा, हे त्या माणसाला कोण सांगणार होतं?

गाडी मात्र हट्टाला पेटली. फाटकाशी यायची, थांबायची आणि पडद्यावर लिहायची की जागा सापडत नाही. "एवढं मैदान मोकळं पडलंय आणि हिला जागा दिसेना," असं म्हणून तो उतरायचा, गाडीभोवती फेरी मारायचा, पुन्हा बसायचा.

गुरुवारी कंपनीचा मेकॅनिक आला. त्यानं गाडी तपासली, मग खाली बसून फरशीवरून तळहात फिरवला. "काका, गाडीत दोष नाही. ती जमिनीवर रेषा शोधते. तुमच्या फरशीला रेषाच नाही."

फाटकापासून घरापर्यंतची ती फरशी ओळंब्यानं स्वतःसाठी केलेलं एकमेव काम. दगडाशी दगड असा जुळवलेला, सांध्यात त्याच दगडाची भुकटी भरून असा घासलेला, की येणारे-जाणारे वाकून नखानं सांधा शोधायचे आणि हार मानायचे. आता यंत्रानंही हार मानली होती. एवढं खरं कौतुक आयुष्यात कुणी केलं नव्हतं, आणि त्यानंच घात केला होता.

मेकॅनिक म्हणाला, दोन पांढरे पट्टे रंगवून घ्या. पण ह्या फरशीवर ब्रश फिरवू द्यायला तो तयार नव्हता. शेवटी त्यानं मधला मार्ग काढला. कामाची जुनी दोरी काढली, पांढऱ्या भुकटीत घोळली, ताणून टणकन सोडली. दोन सरळ रेषा उमटल्या, आणि त्यांच्यामधून गाडी लोण्यासारखी आत गेली. शनिवारी त्यानं ती चौदा वेळा आत-बाहेर केली. शेजारी विचारून गेला, काही हरवलंय का.

रविवारी तो पहाटेच उठून दाढी करून बसला. बसला म्हणजे उभाच. गाडी पुसली. फाटक पुसलं. दहा वाजता मुलीचा फोन आला की पोचतेच. तसा त्यानं बादली घेतली, ओलं फडकं घेतलं आणि फरशी अशी लखलखीत केली की आभाळ तिच्यात दिसावं.

मुलगी आली, आईजवळ ओट्यावर उभी राहिली. ओळंब्यानं गाडी फाटकाशी आणली, बटण दाबलं. पडद्यावर आलं, जागा सापडत नाही. पुन्हा दाबलं. तेच. तिसऱ्यांदा दाबताना त्याचं लक्ष बाजूच्या आरशाकडे गेलं. आरशात नुसती लखलखीत फरशी होती.

"अहो, पुसल्या की काय रेषा?" ओट्यावरून बायको म्हणाली.

पुसल्याच होत्या. चाळीस वर्षांची सवय. मालक काम बघायला यायच्या आत पेन्सिलीची, भुकटीची एकेक खूण पुसून टाकायची, हे उस्तादानं पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. मुलगी येणार म्हटल्यावर हात आपोआप बादलीकडे गेला होता.

मुलीनं हात पुढे केला. आवाज चढवला नाही. "बाबा, परवा फाटक होतं. उद्या गाडीमागे आई उभी असेल."

त्यानं किल्ली दिली आणि मागच्या खोलीत निघून गेला. बाबा रुसले असं तिला वाटलं. पण तो बाहेर आला तो दगड कापायचं मशीन आणि दोरी घेऊन.

"चारपर्यंत थांब. किल्ली असू दे तुझ्याकडेच."

"अहो, ती फरशी..." बायको अर्धवट बोलली.

"फरशीच आहे ती," तो म्हणाला आणि ओणवा झाला. वाकायला मान अजून कुरकुरत नव्हती.

दोरीचं दुसरं टोक मुलीनं न सांगता धरलं. लहानपणी सुट्टीत ती कामावर यायची तेव्हा हेच तिचं काम असे. मशीन लागलं, धूळ उडाली, आणि त्या एकसंध दगडात दोन खाचा पडल्या. त्यानं त्यात पांढरं सिमेंट भरलं, कडा बोटानं निपटल्या. कापणं झटक्यात उरकलं. वाट बघताना मात्र त्याच्या जिवाची तगमग झाली. दोनला बोट लावून बघितलं, ओलं. अडीचला, ओलं. जेवणाचं ताट तसंच राहिलं.

चारला वरून सुकलं होतं, आत अजून कच्चं होतं. चाक जरा चुकलं तर सिमेंट फरफटणार आणि सगळ्यांना दिसणार. मुलीनं किल्ली आणून दिली आणि ती रेषेपाशी उकिडवी बसली. त्यानं बटण दाबलं. गाडीनं क्षणभर विचार केला, मग स्टिअरिंगचं चक्र आपलं आपण फिरलं. मागे बघता येत नव्हतं. हात मांडीवर ठेवून तो नुसता ऐकत राहिला. बायको ओट्यावरून "हं... हं..." करत होती, बाळाला पहिली पावलं टाकायला लावावं तशी.

गाडी थांबली. मुलीनं दोन्ही रेषांवरून नजर फिरवली. सिमेंटला ओरखडाही नव्हता.

"उद्या आईला किती वाजता न्यायचंय?" तिनं विचारलं.

"नऊ," तो म्हणाला. खाली उतरला, एक डोळा मिटून बघू लागला. "डावी रेघ फाटकाशी केसभर सरकलीय."

"ते टोक माझ्याकडे होतं."

"दिसतं कुणाला," तो म्हणाला, आणि पुन्हा डोळा मिटला.

बायकोनं खुर्ची पुढे सरकवली, आता तरी बसा म्हणाली. बसतो, म्हणत तो तसाच फाटकापर्यंत गेला.